प्रौढांचे इंग्रजी वर्ग आणि दंडाचा डबा

सायंकाळीं भरणार्‍या एका इंग्रजी संभाषण-वर्गाच्या नियमांचें छापील पत्रक परवां आमच्या हातीं पडलें. पत्रक मोठें नाहीं. अवघीं अकरा कलमें आहेत. परंतु प्रौढ माणसानें इंग्रजी शिकावयास यावें तें कोणत्या भावनेनें, आणि त्याच्याकडून कोणती अपेक्षा धरावी, याविषयीं आपल्या समाजांत रूढ झालेले बहुतेक सर्व गैरसमज त्या अकरा कलमांत सुखानें नांदत असल्यामुळें त्यांचा परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें. वर्गांत पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत मराठीचा एकही शब्द उच्चारूं नये. उच्चारल्यास शब्दागणिक दहा रुपये दाराशीं ठेवलेल्या डब्यांत टाकावे. पांच मिनिटें उशीर झाल्यास प्रवेश मिळणार नाहीं. तीन महिन्यांत अस्खलित इंग्रजी बोलतां येईल. न आल्यास तो विद्यार्थ्याच्या निष्ठेचा दोष समजावा. या शेवटल्या कलमाखालीं विद्यार्थ्याची सही घेतात. शिक्षकाच्या सहीसाठीं पत्रकावर जागाच ठेवलेली नाहीं.

ही सही करणारे लोक कोण असतात? रात्रपाळी संपवून, दुपारीं दोन तास डोळा लागला न लागला तोंच उठून आलेली परिचारिका. बढतीच्या मुलाखतीची धास्ती घेतलेला कारकून. गॅरेजचा मालक, ज्याला परदेशी गाडीची माहितीपुस्तिका वाचावयाची आहे. मुलाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत पालकसभेला जाऊन मागच्या बांकावर मुकाट्यानें बसणारी आई. यांपैकीं चाळिशीच्या आसपासचे जे मराठी शाळांतून शिकले, त्यांची इंग्रजीशीं गांठ पांचवींत पडली, कारण पहिलीपासून इंग्रजी हा प्रकार महाराष्ट्रांत २००० सालीं आला. पांचवी ते दहावी हीं सहा वर्षें त्यांनीं इंग्रजीचा तास बसून काढला. त्या सहा वर्षांत स्वतःच्या मनांतलें एक वाक्य इंग्रजींत बोलण्याची पाळी त्यांच्यावर किती वेळां आली, हें आमच्यासारख्या मास्तरकी करणार्‍यांनींच प्रामाणिकपणें सांगावें. निष्ठेचा प्रश्न काढावयाचाच असेल तर तो येथून काढला पाहिजे.

संचालकांच्या आग्रहावरून गेल्या वर्षीं या वर्गांत आम्हीं चार व्याख्यानें दिलीं. दुसर्‍या व्याख्यानाच्या वेळीं एक बाई शेजारणीकडे वळून हळूच म्हणाल्या, "म्हणजे काय हो?" शब्द तीन, दंड तीस रुपये. बाईंनीं उठून, सर्वांच्या देखत, पदराआडच्या पाकिटांतून नोटा काढून डब्यांत टाकल्या. वर्ग हंसला. त्यानंतर त्या बाईंनीं ना मराठी उच्चारलें, ना इंग्रजी. चौथ्या व्याख्यानास त्या आल्याच नाहींत. आम्ही व्यासपीठावर असून त्या वेळीं एक शब्द बोललों नाहीं. पाहुण्यानें यजमानाच्या घरांतील रीतींत लक्ष घालूं नये, अशी कांहीं तरी समजूत आम्हीं तेव्हां मनाची घातली. ती चूक होती.

आतां तीन महिन्यांचा हिशेब पाहूं. तेरा आठवडे, आठवड्यास तीन दिवस, रोज दीड तास. गणपती-दिवाळीची एकही सुटी वजा न करतां हे साडेअठ्ठावन्न तास होतात. युरोपीय मंडळानें २००१ सालीं भाषाज्ञानाच्या ज्या सहा पायर्‍या प्रसिद्ध केल्या, त्यांपैकीं दुसरी पायरी म्हणजे ओळखीच्या विषयावर सोपीं वाक्यें बोलतां येणें. तेथें पोहोंचण्यास आरंभापासून १८० ते २०० तास शिक्षकाच्या देखरेखीखालीं लागतात, असा केंब्रिजच्या परीक्षा घेणार्‍या संस्थेचा अंदाज आहे. ज्याला आपण ढोबळपणें 'अस्खलित' म्हणूं, त्या चौथ्या पायरीस ५०० ते ६०० तास. हीं मापें परक्यांचीं आहेत असें कोणी म्हणेल, तर उलट दिशेनें पाहा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा आपल्या अधिकार्‍यांस हिंदी शिकविण्यासाठीं ४४ आठवडे, म्हणजे सुमारें ११०० तास, धरते. हे अधिकारी पगार घेऊन शिकतात. त्यांना त्या काळांत दुसरें काम नसतें. आमच्या लोकांच्या कानांवर इंग्रजी शब्द लहानपणापासून पडत असल्यामुळें त्यांना थोडे कमी तास पुरतील, हें आम्ही मान्य करतों. हवे तर निम्मे धरा. तरीही साडेपांचशें आणि साडेअठ्ठावन्न यांत अंतर केवढें! किराणा दुकानदारानें असें माप मारलें तर त्याचा तराजू जप्त होतो. येथें मात्र गिर्‍हाइकालाच अपराधी ठरवून त्याची सही घेतात.

अपयश आलें कीं हेच लोक दुसरें अस्त्र काढतात: वय. पिकल्या वयांत भाषा येत नाहीं, हा सिद्धांत आपल्याकडे इतका सर्वमान्य आहे कीं तो तपासून पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. कॅथरिन स्नो आणि मारियान हूफनागेल-हूले या दोघींनीं तो तपासला. हॉलंडमध्यें राहावयास आलेल्या इंग्रजी भाषिकांची डच भाषेंतील प्रगती त्यांनीं वर्षभर पाहिली, आणि १९७८ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा कीं, पहिल्या कांहीं महिन्यांत सर्वांत जलद प्रगती किशोरांनीं व प्रौढांनीं केली. सर्वांत मागें राहिलीं तीं तीन ते पांच वर्षांचीं मुलें. पुढें उच्चाराच्या बाबतींत मूल मोठ्यांना मागें टाकतें, हें खरें. पण परिचारिकेला डॉक्टरांची सूचना समजावी यासाठीं तिचा उच्चार लंडनचा असण्याची गरज कोठें आहे? आणि आपल्याच इतिहासांत पाहावयाचें तर पंडिता रमाबाई १८८३ सालीं इंग्लंडला गेल्या तेव्हां त्या पंचविशींत होत्या व इंग्रजीशीं त्यांची ओळख नुकती कोठें झाली होती. १८८७ सालीं त्यांचें इंग्रजी पुस्तक अमेरिकेंत प्रसिद्ध झालें. रमाबाईंची बुद्धि असामान्य होती, हें कोण नाकारील? परंतु त्यांनीं तें संस्कृत-मराठी दाराबाहेर ठेवून केलें नाहीं. त्या भाषांचा भरभक्कम पाया घेऊनच त्या तिसर्‍या भाषेच्या घरांत शिरल्या.

येथें आम्ही मूळ वादाकडे येतों. वर्गांत मातृभाषेस मज्जाव हा नियम आकाशांतून पडलेला नाहीं. मॅक्सिमिलियन बर्लिट्झनें १८७८ सालीं अमेरिकेंत प्रॉव्हिडन्स शहरीं भाषाशाळा काढली, तिच्या पद्धतीचा तो कणा होता. पुढें १९६१ सालीं युगांडांत मकेरेरे येथें भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेच्या विचारांतूनही, इंग्रजी ही इंग्रजींतूनच उत्तम शिकवितां येते, हें सूत्र दृढ झालें. रॉबर्ट फिलिप्सन यांनीं १९९२ सालीं आपल्या ग्रंथांत त्याची गणना भ्रमांत केली, तरी आमच्या गल्लीबोळांतील वर्गांपर्यंत ती वार्ता अजून पोहोंचलेली दिसत नाहीं. लंडनच्या एखाद्या वर्गांत सोमाली, पोलिश, बंगाली आणि अरबी बोलणारे एकत्र बसत असतील, तर तेथें इंग्रजीवांचून गत्यंतर नाहीं. आमच्या वर्गांत वीसच्या वीस माणसें मराठी, शिक्षकही मराठी. तेथें हा नियम म्हणजे दुसर्‍याच्या पायाचें माप घेऊन शिवलेला जोडा होय.

हें केवळ तत्त्वाचें भांडण नाहीं. आमचा विद्यार्थी 'आय टोल्ड टू हिम' असें म्हणतो. कां म्हणतो? मराठींत 'त्याला सांगितलें' असें असतें, आणि त्या 'ला'ला कोठें तरी बसविणें त्याला भाग पडतें. तो 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' म्हणतो, कारण त्याच्या मनांत 'पांच वर्षांपासून राहत आहें' हें वाक्य आधीं तयार असतें, आणि त्या 'पासून'ला 'सिन्स' हा एकच पर्याय त्याला ठाऊक असतो. आमच्या भाषेंत 'ए' आणि 'द' यांच्यासारखीं उपपदें नाहींत. म्हणून तो एक तर तीं गाळतो, नाहीं तर मिठासारखीं वाटेल तेथें शिंपडतो. या चुका अज्ञानाच्या नव्हेत. त्या मराठीच्या व्याकरणाच्या आहेत, आणि मराठींतील दोन वाक्यांत त्यांचें मूळ दाखवितां येतें. तेंच इंग्रजींतून समजावूं गेल्यास अर्धा तास जातो आणि समजतें तें ज्याला आधींच समजलेलें असतें त्याला. आमच्या आजोबांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली. त्यांचें बोलणें पुस्तकी होतें, कबूल. पण दोन भाषा शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याची त्यांची नजर आम्हांस हरवून चालणार नाहीं.

यावर संचालक म्हणतील, मराठीची मोकळीक दिली कीं तासभर मराठीच चालते. हा आक्षेप पोकळ नाहीं. कर्मणि प्रयोगाची व्याख्या मराठींत घडाघडा सांगणारे, पण खिडकीवर तिकीट इंग्रजींत मागतां न येणारे पदवीधर आमच्या महाविद्यालयांनीं हजारोंनीं तयार केले आहेत, आणि त्या पापांत आमचाही वांटा आहे. तासाचा बराचसा भाग विद्यार्थ्यांच्या इंग्रजी बोलण्यांतच गेला पाहिजे. पण बोलावयास लावणें निराळें आणि विचारल्याबद्दल दंड करणें निराळें. ज्याला 'म्हणजे काय' हें विचारण्याची चोरी, तो प्रौढ माणूस दुसरें काय करील? घरीं बसेल.

प्रौढांकडून कांहींच अपेक्षा धरूं नये, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. 'बिचारे दमून येतात' अशी कींव करून त्यांना गोष्टी-गाणीं ऐकवून परत पाठविणारे शिक्षकही आम्हीं पाहिले आहेत. तो अपमान दंडाहून कमी नाहीं. आम्ही तर अधिक मागूं. पांच मिनिटांचा उशीर सोडून देऊं, पण सलग चार गैरहजेर्‍या नव्हे. आपल्याला इंग्रजी कशासाठीं हवी, हें प्रत्येकानें पहिल्याच दिवशीं सांगावें, मराठींत का होईना. आपल्या कामांतला खरा कागद वर्गांत आणावा: बँकेचा अर्ज, औषधाच्या बाटलीवरची सूचना, शाळेकडून आलेली चिठ्ठी. घरीं रोज पंधरा मिनिटें मोठ्यानें वाचावें, आणि चुकण्याची लाज वर्गांत तरी सोडावी. ही शेवटली अपेक्षा सर्वांत कठीण. शिक्षकानें स्वतःच्या वागण्यानें ती शक्य केली तरच ती धरण्याचा त्याला अधिकार.

आणि वाचकहो, ही लाज वर्गांतच उत्पन्न होते असें नाहीं. तुमच्या-आमच्या सुशिक्षित घरांत, जेवणाच्या टेबलावर, आईच्या तोंडून एखादा इंग्रजी शब्द वेडावांकडा निघाला कीं इंग्रजी शाळेंत जाणारीं मुलें खिदळतात, आणि वडीलही त्यांत सामील होतात. त्या हंसण्याला डबा नसतो एवढेंच. अशा घरांतील एखादी बाई चाळिसाव्या वर्षीं धीर करून वर्गाला जाते, ती तेथें तेंच हंसणें पैसे देऊन ऐकावयास नव्हे.

पत्रकावर शिकविण्याचे एकूण तास छापावे, 'अस्खलित' हा शब्द काढावा, शिक्षकानेंही सही करावी, आणि डबा हलवावा, अशा चार सूचना आम्हीं संचालकांस पत्रानें कळविल्या. त्यांचें उत्तर आलें आहे. तें अर्थातच इंग्रजींत आहे, आणि त्यांत 'डिस्कस अबाउट' हा प्रयोग दोन ठिकाणीं आढळतो. त्याबद्दल आम्हीं वीस रुपये मागितलेले नाहींत. तासांचा आंकडा पुढील सत्रापासून छापूं, असें ते म्हणतात. डब्याविषयीं पत्रांत कांहीं नाहीं.