स्टॉप लॉस लागल्यानंतरची वेळ

पऱ्हे करपले तर भंडारा जिल्ह्यातला धान उत्पादक हळहळतो. पण मेलेल्या पऱ्ह्यांना पाणी देत बसत नाही, दुबार पेरणीच्या तयारीला लागतो. मोबाइलवर शेअरची झटपट खरेदी-विक्री शिकणाऱ्या त्याच्या मुलाला मात्र हेच शहाणपण जड जाते.

१०० रुपयांना घेतलेला शेअर ९७ रुपयांवर आला की विकून टाकायचा, असा आधीच देऊन ठेवलेला आदेश म्हणजे ‘स्टॉप लॉस’. तो तोटा टाळत नाही, आवरतो. १० टक्के भांडवल गेले तर उरलेल्यावर सुमारे ११ टक्के कमावून भरपाई होते. ५० टक्के गेले तर उरलेली रक्कम दुप्पट करावी लागते.

हिशेब कळूनही अनेकजण ऐनवेळी तो आदेश काढून टाकतात. कारण मेंदूत आहे. तेवढ्याच नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख मोठे वाटते आणि ते टाळण्यासाठी माणूस अधिक धोका पत्करतो, असे डॅनियल कानेमन व एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडले.

म्हणून माझ्या मते खरा धोका स्टॉप लॉस लागण्यात नाही, त्यानंतरच्या काही मिनिटांत आहे. छातीत धडधड, डोक्यात राग आणि ‘आत्ताच वसूल करतो’ ही ईर्षा, अशा अवस्थेतला सौदा हा निर्णय नसतो. ‘सेबी’च्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये इंट्राडे करणाऱ्या दर १० पैकी ७ जणांना तोटा झाला, वर्षाला ५०० हून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होते.

शिकायचेच असेल तर आधी कागदावर सौदे मांडा. कर्जाचा किंवा बियाणे-खतांचा पैसा लावू नका. एका दिवसाचा कमाल तोटा सकाळीच लिहून ठेवा. तो गाठला की मोबाइल घरी ठेवून बाहेर पडा. झोप उडत असेल, घरच्यांपासून तोटा लपवावा लागत असेल, तर सौदे थांबवा आणि ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. त्यात कमीपणा नाही.

दुबार पेरणीलाही घरात बियाणे शिल्लक असावे लागते.