घरीच राहायचे आहे, पण मदतीला कोण येणार? वृद्धांच्या गृहसेवेबाबत योजना काय देतात आणि काय देत नाहीत

“अगं, ‘घरपोच सेवा’ असं तुझ्याच पानावर लिहिलंय. मग आंघोळ घालायला बाई कधी येणार?”

वाराणसीत संकठा घाटामागच्या गल्लीत राहणाऱ्या एका काकूंनी मला हा प्रश्न विचारला. त्यांचे वय ७६. यजमान गेले, मुलगा पुण्यात नोकरीला. जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. जिन्यात घसरून खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया आयुष्मान वय वंदना कार्डावर झाली, रुग्णालयाचे बिल भरावे लागले नाही. आठ दिवसांनी चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना गल्लीतून घरी आणले, कारण या गल्लीत रुग्णवाहिका शिरत नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. संडासला कोण नेणार, आंघोळ कोण घालणार, रात्री उठायचे झाले तर हात कोण देणार?

या पोर्टलवरील योजनांची माहिती मी मराठीत आणते. ‘होम केअर’ या शब्दासाठी ‘घरपोच सेवा’ हा शब्द मीच वापरला होता. तो वाचून काकूंनी जी अपेक्षा केली ती चुकीची म्हणता येणार नाही. पण त्या योजनेत तसे काही नव्हते. असा गैरसमज इतर लाभार्थ्यांचाही होऊ शकतो, म्हणून कोणती योजना कुठपर्यंत पोहोचते आणि कुठे थांबते, ते या लेखात समजून घेऊ.

गृहसेवा म्हणजे नेमके काय?

घरी मिळणाऱ्या मदतीचे तीन भाग पडतात.

पहिला भाग आरोग्यसेवेचा : डॉक्टर, परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्टने घरी येऊन तपासणे, जखमेची पट्टी बदलणे, व्यायाम करून घेणे.

दुसरा भाग रोजच्या परिचर्येचा : आंघोळ, कपडे, जेवण, शौच, चालताना आधार.

तिसरा भाग घरकामाचा आणि सोबतीचा : स्वयंपाक, औषधे आणणे, बँकेत नेणे, दोन शब्द बोलणे.

आपल्याकडील सरकारी योजना मुख्यतः पहिल्या भागासाठी आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागासाठी मासिक पेन्शन आणि काही साधने मिळतात. सर्वसाधारण वृद्धाच्या घरी रोज परिचर्या करणारी व्यक्ती पाठवणारी किंवा तिचा पगार देणारी देशव्यापी योजना आज नाही. हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण नसलेल्या योजनेसाठी खेपा घालण्यात वेळ जातो आणि असलेली मदत मागायची राहून जाते.

वय वंदना कार्ड कुठे थांबते?

७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेत घेण्याची सुरुवात २९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयात मोफत होतात. कुटुंब आधीच योजनेत असेल, तर ७० वर्षांवरील सदस्यांसाठी वेगळे ५ लाख रुपये मिळतात. कार्डासाठी आधारवर आधारित ई-केवायसी करावी लागते. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

मात्र हे संरक्षण रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुट्टी मिळाल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्या काळातील तपासण्या व औषधे त्यात धरली जातात. घरी ठेवलेल्या मदतनीस बाईचा पगार त्यात येत नाही. म्हणून सुट्टी मिळण्याआधीच पंधरा दिवसांची औषधे, पुढच्या तपासणीची तारीख आणि व्यायामाची लेखी माहिती मागून घ्यावी. काकूंनी ती मागितली नव्हती. त्यांच्या मुलाने फोनवरून विचारल्यावर ती मिळाली, पण तोवर नऊ दिवस गेले होते.

घरी कोण येऊ शकते?

वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. त्यात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी वेगळा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी तपासणी आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्यांची भेट यांची तरतूद आहे. या कार्यक्रमात सुरुवातीला निवडलेल्या आठ प्रादेशिक केंद्रांत वाराणसीचे काशी हिंदू विश्वविद्यालय आणि मुंबईचे जे. जे. रुग्णालय ही दोन्ही आहेत.

ही भेट आपोआप होत नाही, त्यासाठी घरातील रुग्णाची नोंद व्हावी लागते. आशा कार्यकर्ती ३० वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी अर्ज भरते, त्यात ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी वेगळे प्रश्न आहेत. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का? खाणे, कपडे, आंघोळ, चालणे, शौच यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्या माणसांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का?

अनेक जण संकोचाने या प्रश्नांना ‘नाही’ म्हणतात. काकूंनीही पूर्वी ‘मला काही होत नाही’ असेच सांगितले होते. तसे करू नये. ‘मदत लागते’ एवढी नोंद झाली, तरच आरोग्य केंद्राला आपले घर कळते. आपल्या भागातील आशा कोण आहे, हे जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा शहरी आरोग्य केंद्रात विचारता येते. तब्येतीबाबत साधा सल्ला हवा असेल, तर ई-संजीवनी सेवेतून डॉक्टरांशी मोफत बोलता येते.

साधने, पैसे आणि हक्क

राष्ट्रीय वयोश्री योजना १ एप्रिल २०१७ रोजी सुरू झाली. ६० वर्षांवरील व्यक्ती दारिद्र्यरेषेखालील असेल किंवा तिचे मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असेल, तर काठी, वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी अशी साधने मोफत मिळतात. ही साधने ॲलिम्को ही सरकारी कंपनी शिबिरांतून देते. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजना वेगळी आहे. त्यात ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीच्या खात्यात एकदाच ३,००० रुपये जमा होतात. दोन्ही योजनांची नावे सारखी असल्याने गोंधळ होतो. केंद्राच्या योजनेत वस्तू मिळते, राज्याच्या योजनेत पैसे.

पेन्शनचे गणित मात्र अवघड आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ६० ते ७९ वर्षांपर्यंत महिन्याला २०० रुपये आणि ८० वर्षांपासून ५०० रुपये आहे. उरलेले राज्य घालते. उत्तर प्रदेशात २०२१ च्या अखेरीस एकूण रक्कम १,००० रुपये झाली, महाराष्ट्रात २०२३ मध्ये १,५०० रुपये. काकूंकडे बारा तासांच्या बाईसाठी एका एजन्सीने दिवसाला जे पैसे मागितले, त्यात महिन्याच्या पेन्शनचा अर्ध्याहून जास्त भाग गेला असता. म्हणजे दोन दिवसही निभले नसते.

मुले लक्ष देत नसतील, तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ खाली निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. या कायद्यात निर्वाह म्हणजे फक्त अन्न-वस्त्र-निवारा नाही, त्यात वैद्यकीय देखभाल व उपचारही येतात. वकील लागत नाही. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. मूल नसेल, तर ज्याला आपली मालमत्ता मिळणार आहे, त्या नातेवाइकाकडूनही तो मागता येतो.

अपंगत्व असेल, तर हक्क आणखी स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५ मध्ये समाजात राहण्याचा हक्क आणि त्यासाठी व्यक्तिगत साहाय्यासह घरातील आधारसेवा यांचा उल्लेख आहे. कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. प्रत्यक्ष भत्ता राज्याच्या योजनेवर अवलंबून असतो. त्यामुळे वृद्धत्वाबरोबर कायमचे अपंगत्व आले असेल, तर दिव्यांग ओळखपत्र काढून घ्यावे. पार्किन्सन, अंधत्व, श्रवणदोष हेही या कायद्यातील २१ प्रकारांत आहेत.

कायदा कुठे अडला?

घरी येऊन परिचर्या करणाऱ्या एजन्सींची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवण्याचा प्रयत्न झाला होता. २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. त्यात वृद्धाश्रमांबरोबर गृहसेवा देणाऱ्या संस्थांचीही नोंदणी होती आणि निर्वाहाची १०,००० रुपयांची मर्यादा काढायची होती. विधेयक स्थायी समितीकडे गेले, पण मंजूर झाले नाही. २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि त्याबरोबर ते विधेयकही संपले. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या काळजीबाबत अहवाल दिला, पण अहवालाने हक्क मिळत नाही.

याचा परिणाम साधा आहे. एजन्सी ‘प्रशिक्षित’ म्हणते, तो शब्द तपासायला कुटुंबाकडे फारसे काही नसते. काकूंच्या मुलाने एका एजन्सीला आगाऊ पैसे दिले. आलेल्या मुलीला रुग्णाला पलंगावरून कसे उठवायचे हेही कोणी शिकवले नव्हते. तीन दिवसांत ती निघून गेली आणि पैसे परत आले नाहीत, कारण लेखी काहीच नव्हते. दोष त्या मुलीचा नव्हता. तिलाही ठरलेल्या पैशांतले थोडेच मिळणार होते.

प्रशिक्षण नाही असे नाही. कौशल्य विकास योजनेत ‘गृह आरोग्य सहायक’ हा अभ्यासक्रम आहे. १८ जून २०२१ रोजी कोविडसाठी जे छोटे अभ्यासक्रम सुरू झाले, त्यातही घरातील रुग्णाची काळजी हा एक विषय होता. माणसे शिकतात, पण त्यांना नेमून पगार देणारी व्यवस्था नाही.

ती कशी असू शकते, याची उदाहरणे आहेत. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक सेवेचे धोरण केले. तेथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मदतीने परिचारिका घरोघरी जातात. जपानमध्ये २००० पासून दीर्घकालीन काळजी विमा आहे. चाळिशीनंतर प्रत्येक जण हप्ता भरतो आणि म्हातारपणी घरी येणाऱ्या मदतीच्या खर्चाचा बहुतेक भाग विमा उचलतो. तिथे मुलगा परगावी आहे म्हणून आईची आंघोळ अडत नाही.

मदतनीस ठेवताना काय पाहावे?

१. कामाचे तास, कामे, सुट्टी आणि पैसे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. आगाऊ रक्कम दिल्यास पावती घ्या.

२. ओळखपत्र पाहा आणि पोलीस पडताळणी करून घ्या.

३. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागा. पहिल्या दिवशी उठवणे, बसवणे, कूस बदलणे समोर करायला सांगा.

४. इंजेक्शन, लघवीची नळी, जखमेची पट्टी ही कामे नोंदणीकृत परिचारिकेकडूनच करून घ्या.

५. मदतनीस ही कामगार आहे. तिला जेवणाची, झोपेची वेळ द्या. वय १६ ते ५९ असेल आणि भविष्य निर्वाह निधी किंवा राज्य विमा नसेल, तर तिची ई-श्रम नोंदणी करायला मदत करा.

संकठा घाटावर आज

संकठा घाटाच्या एका बाजूला शिंदे घाट आहे, दुसरीकडे थोडे पुढे भोसले घाट. मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या भागात राहिली. तरुण नोकरीसाठी बाहेर गेले, उंच पायऱ्यांचे वाडे आणि म्हातारी माणसे मागे राहिली. लोक काशीला मरण चांगले यावे म्हणून येतात. इथेच राहणाऱ्यांना मात्र त्याआधीचे दिवस नीट जावेत एवढेच हवे असते. पावसाळ्यात घाट पाण्याखाली जातो, तेव्हा घराबाहेर पडणे आणखी कठीण होते.

काकूंना आज वॉकर मिळाला आहे. आशाने अर्ज नव्याने भरला आणि शहरी आरोग्य केंद्रातून परिचारिका दोनदा येऊन गेली. सकाळी दोन तास शेजारच्या गल्लीतील एक बाई आंघोळ घालून जाते. तिचे पैसे मुलगा पाठवतो. रात्रीच्या वेळी अजून कोणी नसते. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी ११२ वर होणाऱ्या ‘सवेरा’ नोंदणीत आम्ही त्यांचे नाव घातले.

मी त्या पानावरचा शब्द बदलला आहे. ‘घरपोच सेवा’ऐवजी आता तिथे ‘अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या घरी आरोग्य कर्मचाऱ्यांची भेट’ असे आहे. वाक्य लांब झाले, पण ते वाचून कोणी बाईची वाट पाहत बसणार नाही.

आपल्या घरी अशी अडचण असेल, तर ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीच्या १४५६७ या क्रमांकावर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत फोन करा. कॉल मोफत आहे. पेन्शन, कायदेशीर सल्ला, छळाची तक्रार किंवा नुसता आधार हवा असेल, तरी बोलता येते. फोन करताना वय, पत्ता आणि कोणत्या कामासाठी मदत लागते ते नेमके सांगा. ‘आंघोळीला मदत लागते’ हे सांगण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.