सी-व्ह्यू कुणाच्या वाट्याला?

'सेल्फ केटरिंग' हे दोन शब्द हॉलिडे बुक करताना भलतेच गोंडस दिसतात. सोबत फोटो असतो. मागे घनदाट जंगल, पुढे निळाशार समुद्र, मधोमध लाकडी केबिन आणि व्हरांड्यात दोन रिकाम्या खुर्च्या. त्या आपल्यासाठीच ठेवल्यात, असं आपण मनातल्या मनात ठरवूनही टाकतो. केबिनच्या आतलं सिंक काही फोटोत येत नाही. मंडळी, या शब्दांचा सरळ मराठी अर्थ इतकाच, की चूल तुमची, भांडी तुमची आणि घासायचीही तुम्हीच!

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोन जोडपी साउथ आफ्रिकेतल्या त्सित्सिकामाला जाऊन आलो. नाव नीट उच्चारायलाच दोन दिवस गेले. 'भरपूर पाण्याची जागा' असा त्याचा अर्थ सांगतात. 1964 साली हे नॅशनल पार्क झालं आणि 2009 पासून ते गार्डन रूट नॅशनल पार्कचा भाग आहे. इथे जंगल डोंगरावरून थेट समुद्रापर्यंत उतरतं. स्टॉर्म्स रिव्हर जिथे समुद्राला मिळते, त्या खडकाळ किनाऱ्यावर पार्कचा कॅम्प आहे. आमच्या केबिनला दोन बेडरूम्स, एक चिमुकलं किचन आणि समोर हिंदी महासागर. आपला अरबी समुद्र ज्याचा एक कोपरा, तोच हा. पण इथे त्याचा मूड वेगळाच! लाटा खडकांवर अशा आपटतात, की रात्री झोपेतही ऐकू येतं.

इथे जाताना वाटेतच वाणसामान भरून घ्यायचं. कॅम्पवर छोटं दुकान आणि रेस्टॉरंट आहे, पण मोठी खरेदी करायची तर प्लेटेनबर्ग बे सुमारे 65 किलोमीटर मागे. मसाल्यांची चिंता नको. 1860 मध्ये भारतीय मजूर नाताळच्या उसाच्या मळ्यांवर उतरले, तेव्हापासून हळद, जिरं, करी मसाला या देशाच्या चांगलाच ओळखीचा झालाय. सुपरमार्केटात सगळं मिळतं. लाटणं तेवढं मिळालं नाही. मग माझ्या मैत्रिणीने वाइनच्या बाटलीने पोळ्या लाटल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. पहिल्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला व्हरांड्यातून आरडाओरडा झाला. "व्हेल! व्हेल!" जून ते नोव्हेंबर या काळात सदर्न राइट व्हेल पिल्लं द्यायला या किनाऱ्याजवळ येतात. दोघे नवरोबा त्या दोन प्रसिद्ध खुर्च्यांत बसलेले. मी कांदा चिरत होते, मैत्रिणीचे हात पिठात. आम्ही धावत बाहेर येईपर्यंत नुसतं पाणी.

मैत्रीण शांतपणे म्हणाली, "दोन दिवस झाले, समुद्र मी किचनच्या खिडकीतूनच बघतेय. ट्रेनमधून वाशीची खाडी याहून बरी दिसते."

तिचा नवरा खरंच चांगला माणूस आहे. तो पटकन म्हणाला, "अगं, मग सांगायचंस ना! मी केलं असतं."

"तुझ्या टीममधला एखादा रोज असं म्हणाला, 'सांगितलं असतंत तर केलं असतं', तर त्याला अप्रेझलला काय रेटिंग देतोस रे?"

यावर तो काहीच बोलला नाही. माझा नवराही एकदम समुद्राकडे बघायला लागला.

हे दोघं एकाच वेळी घराबाहेर पडतात, एकाच वेळी थकून परत येतात. मुंबईत पोळीवाल्या मावशी, डबा आणि होम डिलिव्हरीवर गाडी ढकलली जाते. केबिनमध्ये यातलं काहीच नाही. चार माणसं, एक सिंक. कोण न सांगता उठतं आणि कोण सांगायची वाट बघतं, ते इथे दोन दिवसांत उघडं पडतं.

मग सुपरमार्केटच्या बिलामागे मी ड्युटी लावली. एकाने स्वयंपाक, एकाने भांडी, एकाने शेगडी, कचरा आणि खिडक्या. खिडक्यांना हसू नका. उघड्या राहिल्या तर माकडं आत येऊन फळं पळवतात. चौथ्याने खुर्चीत बसायचं. होय, तीही ड्युटीच, मधेच उठून मदत करायला सक्त मनाई.

तिसऱ्या दिवशी खुर्ची मैत्रिणीची होती. आत दोघे पुरुष 'ब्राय'च्या तयारीत. ब्राय म्हणजे निखाऱ्यांवरचं भाजणं. साउथ आफ्रिकेत 24 सप्टेंबरच्या हेरिटेज डेला लोक 'ब्राय डे' म्हणतात, इतकं हे प्रकरण लाडकं! लाकडं पेटवून त्यांचे निखारे होईपर्यंत तासभर थांबावं लागतं, हे त्यांना भुकेल्या पोटी कळलं. जेवायला नऊ वाजले. कणसं झकास, बटाटे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे. कुणी तक्रार केली नाही.

मैत्रीण दोन तास बसून होती. व्हेल काही आला नाही. खडकांवर डॅसी दिसले, सशाएवढे प्राणी, पण नात्याने हत्तीच्या जवळचे. मग अंधार झाला, चांदण्या आल्या. मधे एकदा आतून भांडं पडल्याचा मोठ्ठा आवाज आला. ती अर्धवट उठली, आणि परत बसली. मला विचाराल तर ट्रिपमधली सगळ्यात अवघड गोष्ट तीच होती. नदीच्या मुखावरच्या 77 मीटर लांब झुलत्या पुलावरून जाणं त्यामानाने सोपं!

तेव्हा जरूर जा. केबिन दुपारी दोननंतर मिळते आणि सकाळी दहाला सोडावी लागते. शेवटच्या सकाळी किचन आवरायचं असतं, ती ड्युटी आधीच कुणाच्या तरी गळ्यात घाला. त्सित्सिकामा नाही जमलं तर कोकणात किचनवालं कॉटेज घ्या, नियम तेच. बुकिंग करताना सी-व्ह्यू आहे का, हे सगळेच विचारतात. तो कुणाकुणाला दिसणार, हे मात्र निघण्यापूर्वी आपापसातच ठरवा, आणि कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा.