इंजेक्शनची अदलाबदल : डॉक्टरच्या सल्ल्याने की बाजाराच्या हुकमाने?

१ सप्टेंबर २०२५ रोजी एली लिली या अमेरिकन औषध कंपनीने 'माउंजारो' या वजन घटविणाऱ्या इंजेक्शनची ब्रिटनमधील किंमत एकाएकी वाढविली. सर्वांत मोठ्या मात्रेच्या महिनाभराच्या पुरवठ्याचा घोषित दर १२२ पौंडांवरून ३३० पौंडांवर गेला. पुढे कंपनीने खाजगी विक्रेत्यांना काही सवलती दिल्या हे खरे. तथापि तोवर खिशातून पैसे मोजणाऱ्या असंख्य लोकांना हे औषध सोडून दुसऱ्या इंजेक्शनकडे वळण्याचा विचार करणे भाग पडले होते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला मिळणारा दर मात्र या वाढीतून वगळला गेला होता. सार्वजनिक सेवेच्या छत्राखाली असलेला रुग्ण आणि बाजारात एकटा उभा असलेला रुग्ण यांच्यातील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते.

याच्या दोनच महिने आधी, १ जुलै २०२५ रोजी, अमेरिकेत असाच प्रकार वेगळ्या मार्गाने घडला. विम्याखालील औषधांच्या याद्या ठरविणाऱ्या सीव्हीएस केअरमार्क या बलाढ्य मध्यस्थ कंपनीने आपल्या मुख्य यादीतून 'झेपबाउंड' वगळले आणि नोव्हो नॉर्डिस्क या डॅनिश कंपनीच्या 'वेगोव्ही'ला पसंती दिली. झेपबाउंड आणि माउंजारो ही एकाच औषधाची दोन बाजारी नावे आहेत. ते औषध ज्यांना मानवले होते आणि ज्यांचे वजन व रक्तशर्करा त्यावर आटोक्यात येत होती, अशा रुग्णांना इंजेक्शन बदला असे सांगण्यात आले. दोन्ही देशांत रुग्णांच्या शरीरात काही पालटले नव्हते आणि डॉक्टरांचे मतही बदललेले नव्हते. बदलला होता तो केवळ कंपन्यांचा हिशेब.

औषध बदलणे म्हणजे साबण बदलणे नव्हे

या इंजेक्शनांचे शास्त्र थोडक्यात समजून घेतल्याखेरीज या अदलाबदलीतील धोका लक्षात येत नाही. जेवणानंतर आतड्यातून काही संप्रेरके स्रवतात. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडण्याचा इशारा देतात, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात आणि पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचवितात. सेमाग्लुटाइड (वेगोव्ही, ओझेम्पिक) यांपैकी एका संप्रेरकाचे काम करते. टिर्झेपाटाइड (माउंजारो, झेपबाउंड) दोन संप्रेरकांचे करते. दोन्ही आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचावयाची आहेत. दोहोंचा गुण चाचण्यांतून सिद्ध झालेला आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत ७२ आठवड्यांत टिर्झेपाटाइडने सरासरी २०.२ टक्के, तर सेमाग्लुटाइडने १३.७ टक्के वजन घटले.

परंतु एकाचे मिलिग्रॅम दुसऱ्याच्या मिलिग्रॅमशी जुळत नाहीत. वजनासाठी सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून साधारण चार महिन्यांत २.४ पर्यंत नेले जाते. टिर्झेपाटाइड २.५ पासून सुरू होऊन, दर टप्प्यावर किमान चार आठवडे थांबत, गरजेप्रमाणे १५ पर्यंत जाऊ शकते. जठराला सवय व्हावी यासाठीच ही पायरी-पायरीची चढण आहे. एका औषधाच्या शिखरावरून दुसऱ्याच्या शिखरावर थेट उडी मारणाऱ्याला अनावर उलट्या, जुलाब, शरीरातील पाणी घटणे आणि त्यातून मूत्रपिंडाला इजा, असे परिणाम भोगावे लागू शकतात. शिवाय जुने औषध एका दिवसात अंगातून जात नाही. सेमाग्लुटाइडचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे एक आठवडा लागतो, टिर्झेपाटाइडचे येण्यास सुमारे पाच दिवस. म्हणून दोन्ही एकाच वेळी कधीही घ्यावयाची नसतात. जुन्याची शेवटची टोचणी झाल्यावर सामान्यतः एक आठवड्याने, तेही खालच्या मात्रेपासून, नवे सुरू केले जाते. ती मात्रा नेमकी कोणती, हे आधीची मात्रा कितपत मानवली, मध्ये किती खंड पडला आणि रक्तशर्करा कशी आहे हे पाहून डॉक्टरच ठरवू शकतो. काही आठवडे औषध सुटले असेल, तर जुन्याच औषधाच्या जुन्याच मात्रेवर परतणेदेखील धोक्याचे ठरते.

मधुमेही रुग्ण इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असेल, तर बदलाच्या वेळी त्यांच्या मात्रेचा फेरविचार झालाच पाहिजे. नाही तर साखर एकदम खाली जाऊन रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. टिर्झेपाटाइडमुळे तोंडाने घ्यावयाच्या संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम उणावतो. म्हणून ते सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढविल्यावर चार आठवडे स्त्रियांना दुसरा उपाय योजण्यास सांगितले पाहिजे. गर्भधारणेचा विचार असेल तर ही औषधे आधीच बंद करावी लागतात. थायरॉइडच्या विशिष्ट कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास, पूर्वी झालेला स्वादुपिंडाचा दाह, पित्ताशयातील खडे, मधुमेहाने दुखावलेली दृष्टी या सर्वांची विचारपूस आवश्यक आहे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला हे औषध चालू असल्याचे सांगावे लागते. पोटात असह्य कळ येऊन ती पाठीकडे सरकली, तर पुढच्या टोचणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. इतका सारा विचार औषधविक्रेत्याच्या गल्ल्यापाशी उभ्या-उभ्या होऊ शकत नाही.

पेटंटाचे अर्थशास्त्र

भारतात माउंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये विक्रीस आले. माउंजारोच्या ५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती. महिन्याला अशा चार कुप्या लागतात, म्हणजे १७,५०० रुपये. वेगोव्हीच्या प्रारंभिक मात्रेला महिन्याला १७,३४५ रुपये पडत. अंगणवाडी सेविकेच्या महिन्याच्या मानधनाहून ही रक्कम मोठी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नोव्हो नॉर्डिस्कने हीच किंमत १०,८५० रुपयांवर आणली. पाच महिन्यांत उत्पादनाचा खर्च एक-तृतीयांशाहून अधिक घटला होता काय? तसे काहीच घडलेले नव्हते. एकीकडे प्रतिस्पर्धी कंपनीचा खप वाढत होता आणि दुसरीकडे सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटाची मार्च २०२६ ही मुदत जवळ येत होती. किंमत खर्चावरून ठरत नसून मक्तेदारीच्या बळावरून ठरते, याचा इतका स्वच्छ पुरावा कंपन्यांनी स्वतःच क्वचित दिला असेल.

पेटंटाची भिंत कोसळल्यावर औषध स्वस्त होते, हे भारतीय जनतेला नव्याने शिकावयास नको. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट देण्याचे नाकारले आणि केवळ प्रक्रियेवर मर्यादित काळाचे पेटंट ठेवले. त्या पायावर या देशाचा औषधउद्योग उभा राहिला. जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ साली ते संरक्षण गमावले गेले. तरीही २०१२ मध्ये कर्करोगावरील एका औषधासाठी भारताने सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आला. इच्छा असली तर शासनाच्या हाती शस्त्र आहे, असा याचा अर्थ.

तथापि स्वस्ताईबरोबर नवा गोंधळही येतो. एकाच औषधाच्या अनेक कंपन्यांच्या मुद्रा बाजारात येतात. कोणाचे पेन असते, कोणाची कुपी; एकाच्या मिलिलिटरमध्ये औषध कमी, दुसऱ्याच्या मिलिलिटरमध्ये अधिक. मूळ औषध तेच असले तरी टोचण्याचे साधन आणि द्रावणाची तीव्रता बदलली की चूक होण्याचा संभव वाढतो. अमेरिकेत २०२४ साली अन्न व औषध प्रशासनाला याविषयी जाहीर इशारा द्यावा लागला. कुपीतून सिरिंजने सेमाग्लुटाइड घेताना 'मिलिग्रॅम' आणि 'युनिट' यांची गल्लत होऊन काही रुग्णांनी ठरलेल्या मात्रेच्या पाचपासून वीसपट औषध टोचून घेतले होते. म्हणून एका औषधाकडून दुसऱ्याकडे जाणे आणि एका मुद्रेकडून त्याच औषधाच्या दुसऱ्या मुद्रेकडे जाणे, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हव्यात. हाथी समितीने १९७५ मध्येच बाजारी नावे टप्प्याटप्प्याने हटवून औषधे मूळ नावाने विकावीत, अशी शिफारस केली होती. ती मनापासून अमलात आली असती, तर आज रुग्णाला आपण नेमके काय टोचून घेत आहोत हे नावावरूनच कळले असते.

'श्रीमंतांचे चोचले' म्हणून दूर सारता येणार नाही

चळवळीतील काही मंडळी या प्रश्नाकडे तुच्छतेने पाहतात. ज्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले खुरटलेली आहेत, तेथे वजन घटविण्याच्या इंजेक्शनची चर्चा कशाला, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल संतापातून आलेला आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आणि २४ टक्के स्त्रियांचे प्रमाणापेक्षा अधिक आढळले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. हे सारे बंगल्यांत राहणारे नव्हेत. बारा तास स्टिअरिंगपुढे बसणारा चालक, रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, दोन वडापावांवर दिवस काढणारा माथाडी, घर आणि कारखाना अशा दोन्ही पाळ्या ओढणारी स्त्री या साऱ्यांच्या ताटातील डाळ व भाजी महागाईने हिरावली आणि तेथे स्वस्त तेल, मैदा व साखर आणून ठेवली. कुपोषण आणि स्थूलता या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत.

अर्थात यावरून इंजेक्शन हाच उपाय, असे मानणेही तितकेच चुकीचे ठरेल. सेमाग्लुटाइड थांबविल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आल्याचे चाचणीत दिसून आले आहे. म्हणजे हे औषध बहुधा दीर्घकाळ घ्यावे लागते, आणि कंपन्यांच्या दृष्टीने यासारखा सुरक्षित ग्राहक दुसरा नाही. अन्न बिघडविणाऱ्या उद्योगाने एका हाताने कमवावे आणि औषध विकणाऱ्या उद्योगाने दुसऱ्या हाताने, असा हा व्यवहार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये मधुमेहाबरोबर हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकार आणि शिवाय स्थूलता असलेल्या रुग्णांसाठी ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. तथापि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्थूलतेसाठी दिलेला सल्ला सशर्त ठेवला. त्यात आहार, व्यायाम आणि दीर्घकालीन देखरेख यांची जोड आवश्यक मानली आहे. ही देखरेख पुरविणार कोण? कंपनीच्या 'रुग्णसाहाय्य' योजनेतील दूरध्वनीवरचा नोकर की जनतेला उत्तरदायी असलेला डॉक्टर?

संघटित मागणीची गरज

'डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषध बदलू नका' हा उपदेश योग्यच आहे. परंतु ज्याला डॉक्टर परवडत नाही त्याच्या लेखी तो पोकळ ठरतो. म्हणून या उपदेशाचे रूपांतर मागणीत झाले पाहिजे. ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत घेऊन २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली त्यांच्या किमतींवर मर्यादा घालावी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभारून पेनिसिलिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणाऱ्या देशाने सार्वजनिक क्षेत्रातील उत्पादनाची वाट पुन्हा धरावी. जिल्हा रुग्णालयांत मधुमेह व स्थूलतेचे विभाग चालवावेत. तेथे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि औषध बदलताना रुग्णाचा पाठपुरावा करणारी परिचारिका असावी. चिठ्ठीवाचून विक्री करणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासनाने कारवाई करावी, आणि त्यासाठी निरीक्षकांची रिकामी पदे भरावीत. अतिरिक्त साखर, मीठ व मेद असलेल्या पदार्थांच्या पाकिटावर दर्शनी भागीच ठळक इशारा सक्तीचा करावा.

तोवर कामगार संघटनांच्या आणि वस्त्यांतील कार्यकर्त्यांना एक साधे काम तत्काळ हाती घेता येईल. औषध बदलण्याच्या बेतात असलेल्या सहकाऱ्याच्या हाती एक कागद द्यावा. त्यावर औषधाचे मूळ नाव, सध्याची मात्रा, शेवटच्या टोचणीची तारीख, चालू असलेली इतर औषधे आणि झालेले त्रास एवढ्या पाच गोष्टी लिहून घ्याव्यात, आणि तो कागद घेऊन त्याच्यासोबत सरकारी रुग्णालयाच्या दारात उभे राहावे. तेथे दाद मिळाली तर एक जीव धोक्यातून वाचेल, आणि न मिळाली तर तोच कागद आरोग्य अधिकाऱ्यापुढे ठेवावयाच्या निवेदनाचे पहिले पान होईल.