गावाची वीज, गावाचा हिशेब

हवामान बदलाचा विषय निघाला की, आपल्या डोळ्यांसमोर पॅरिस आणि ग्लासगो येथील परिषदा उभ्या राहतात. २०२१ साली ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य कर्ब उत्सर्जनाचे उद्दिष्ट जगासमोर ठेवले. हे उद्दिष्ट दिल्लीत ठरले असले, तरी ते साध्य व्हायचे आहे गावोगावी. आपली बहुतांश वीज आजही कोळसा जाळून तयार होते आणि तिचा काही भाग गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर व रस्त्यावरील दिव्यांवर खर्च होतो. तरीही या कार्यात ग्रामपंचायतीचा वाटा कोणता, असे विचारले तर वृक्षारोपणाच्या छायाचित्रापलीकडे उत्तर मिळत नाही.

वास्तविक हे उत्तर आपल्या राज्यघटनेतच आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय दिले आहेत. त्यांत वीजवितरणासह ग्रामीण विद्युतीकरण आणि अपारंपरिक ऊर्जा हे दोन विषय स्वतंत्रपणे नोंदवलेले आहेत. ही घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली. त्यानंतरच्या तीन दशकांत किती ग्रामसभांनी या दोन विषयांवर गांभीर्याने चर्चा केली असेल?

तामिळनाडूतील कोईम्बतूर जिल्ह्यातील ओडनथुराई या ग्रामपंचायतीने मात्र ती केली. १९९६ साली आर. षण्मुगम तेथील अध्यक्ष झाले. वाड्या-वस्त्यांपर्यंत पिण्याचे पाणी आणि दिवे पोहोचले, तसे पंचायतीचे वीजबिलही फुगत गेले. उत्पन्नाचा मोठा भाग बिलातच जाणार असेल, तर विकास कशातून करायचा? या रोकड्या प्रश्नातून उपाय निघाले. आधी काही वस्त्यांत सौर पथदिवे आले. पुढे लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांपासून वायू तयार करून त्यावर पाण्याचा पंप चालवण्यात आला. २००६ साली पंचायतीने ३५० किलोवॉट क्षमतेची स्वतःची पवनचक्की उभी केली. खर्च सुमारे १ कोटी ५५ लाख रुपये. त्यांपैकी सुमारे ४० लाख पंचायतीच्या शिलकीतले, उरलेले बँकेच्या कर्जाचे.

पवनचक्की गावात नाही. जेथे वारा चांगला, त्या उदुमलपेट परिसरात ती उभी आहे. तिची वीज वीज मंडळाच्या जाळ्यात जाते आणि पंचायतीच्या वापराशी तिची वजावट होते. वर्षाला सुमारे पावणेसात लाख युनिट वीजनिर्मिती, गावाची गरज त्याहून कमी, आणि उरलेली वीज मंडळाला विकायची, असा हा सरळ हिशेब आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ओडनथुराईने पृथ्वी वाचवण्याच्या घोषणेने आरंभ केला नाही. तिने आधी आपली वही तपासली. कर्ज डोक्यावर असल्यामुळे पवनचक्की बंद पडू देणे गावाला परवडणारे नव्हते. केवळ अनुदानातून आलेली वस्तू परकी राहते. आपल्याकडे अनेक गावांत सौर दिव्यांचे खांब आजही उभे आहेत, पण बॅटरी संपल्यानंतर ती बदलण्याची जबाबदारी कोणाची, हे कोणालाच ठाऊक नाही.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. सहकाराच्या या भूमीत श्रीरामपूर-राहुरी परिसरात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेने सुमारे चार दशके वीजवितरण केले. लोकांच्या मालकीच्या विजेचा हा मोठा प्रयोग होता. परंतु थकबाकीचे ओझे वाढत गेले आणि २०११ साली वितरणाचे काम महावितरणकडे गेले. मालकी मिळाली, पण वसुलीची शिस्त टिकली नाही, तर सहकारही तरत नाही. त्याच २०११ नंतर दहा वर्षांनी, २०२१ साली, पथदिव्यांच्या थकीत बिलांपायी राज्यातील अनेक गावांचे रस्ते अंधारात गेले. बिल कोणी भरायचे, यावर वाद झडले. वीज आपणच निर्माण करावी, हा विचार मात्र फारसा पुढे आला नाही.

आशेला जागा आहे. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे छोटे गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. केंद्राच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतही प्रत्येक जिल्ह्यातील एका आदर्श सौरग्रामासाठी एक कोटी रुपयांची तरतूद आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु जिल्ह्यातील एक गाव झळकले आणि उरलेली शेकडो गावे टाळ्या वाजवत राहिली, तर त्याला चळवळ म्हणता येणार नाही. शासनाने पुरस्काराबरोबर अधिकारही द्यावेत. सक्षम पंचायतींना बँकांचे कर्ज सुलभ व्हावे, दूरच्या प्रकल्पातील विजेची वजावट सहज मिळावी, आणि देखभालीसाठी राखीव निधी ठेवणे बंधनकारक व्हावे. पंचायतीत भ्रष्टाचार होईल, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय अधिकार काढून घेण्याचा नव्हे, तर हिशेब ग्रामसभेसमोर उघडा ठेवण्याचा आहे.

आणि हे काम केवळ सरपंचांचे नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरते. आपल्यापैकी प्रत्येक कार्यकर्त्याने तेथे उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. गावाचे वर्षाचे वीजबिल किती? त्यातली किती वीज आपण स्वतः निर्माण करू शकतो? आणि ती टिकवण्यासाठी पैसा कोठून येणार? शाळेतील विज्ञानशिक्षक, सेवानिवृत्त वायरमन, बचत गटातील भगिनी अशी जाणती माणसे प्रत्येक गावात असतात. त्यांची समिती एका बैठकीत होऊ शकते. २०७० साल दूर आहे, गावाचे पुढचे वीजबिल मात्र पुढच्याच महिन्यात येणार आहे. सुरुवात तेथूनच करावी.