पशुकथेचे तात्पर्य

प्राणी माणसासारखे बोलत नाहीत, हे ठाऊक असूनही सिंह, कोल्हा, कावळा यांच्या तोंडी स्वतःची भाषा घालण्याचा माणसाचा उद्योग हजारो वर्षे अखंड चालू आहे. मुलांना शहाणपणाचे चार शब्द गोडीने कळावेत, एवढाच त्यामागे हेतू असावा, असे सामान्यतः समजले जाते. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ १८२८ साली मराठीत अवतरली, तेव्हापासून या कथा आपल्याकडे शाळेच्या झाल्या. आणि शेवटी ‘तात्पर्य’ लिहून घेतले की त्यांचे काम संपले, असे आपण मानू लागलो.

या कथांचे मूळ मात्र बालवर्गात सापडत नाही. विष्णुशर्म्याने पंचतंत्र सांगितले ते राजपुत्रांना, राज्य चालविण्याची अक्कल त्यांना यावी म्हणून. इसप हा सामोस बेटावरील गुलाम होता, असे हिरोडोटस सांगतो. इसपच्या कथा लॅटिन पद्यात आणणारा फीड्रस स्वतः दास्यातून मुक्त झालेला होता. गुलामाला मनातील गोष्ट उघड बोलण्याची सोय नव्हती, म्हणून त्याने ती कथेच्या आडून सांगितली, अशी उपपत्ती त्यानेच दिली आहे. एक कथा राजवाड्यातली, दुसरी गुलामाची; पण बळी तो कान पिळी अशा जगात वावरावे कसे, हाच दोन्हींचा प्रश्न आहे.

म्हणूनच त्यांचे तात्पर्य नेहमी सोज्ज्वळ असत नाही. पंचतंत्राच्या पहिल्याच तंत्रात दमनक नावाचा कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो. निरपराध बैल मारला जातो आणि दमनक मंत्रिपदावर राहतो. इ. स. ७५० च्या सुमारास इब्न अल मुकफ्फा याने पहलवीतून ही कथा अरबीत नेली. त्या अरबी ग्रंथात दमनकावर खटला चालवून त्याला शिक्षा देणारे एक प्रकरण आढळते. मूळ संस्कृतात ते नाही. चुगलखोर मोकळा सुटलेला वाचकाला सहन होत नाही, हे खरे. परंतु तो सुटतो हे सांगण्याचे धैर्य मूळ कथेत होते.

सत्ताधीशांना या कथांचे मर्म शिक्षकांहून लवकर कळते. रशिया हे मित्रराष्ट्र असल्याने १९४४ साली ऑर्वेलची ‘अॅनिमल फार्म’ छापण्यास लंडनमधील प्रकाशक कचरत होते. ती १९४५ साली प्रसिद्ध झाली. हाँगकाँगमध्ये मेंढ्यांचे गाव आणि त्यावर चालून येणारे लांडगे यांची चित्रमय बालपुस्तके काढल्याबद्दल पाच जणांना २०२१ साली अटक झाली, आणि २०२२ च्या सप्टेंबरात राजद्रोहाच्या आरोपाखाली प्रत्येकी १९ महिन्यांची कैद फर्मावण्यात आली.  त्या पुस्तकांतले लांडगे म्हणजे कोण, हे खटला भरणाऱ्यांनी ओळखले.

पशुकथेचे सामर्थ्य यातच आहे. मंत्र्याची गोष्ट सांगितली की तो कोणत्या पक्षाचा, कोणत्या जातीचा, हे आधी विचारले जाते आणि ऐकणारा आपली बाजू ठरवून मोकळा होतो. कोल्ह्याला ना पक्ष, ना जात. त्यामुळे आधी त्याचे कृत्य दिसते, न्याय मनात होऊन जातो आणि मग हा कोल्हा ओळखीचा असल्याचे ध्यानात येते. कित्येकदा तो आपल्याच अंगणात आढळतो.

अशा कथेचे तात्पर्य फळ्यावर लिहून देणे म्हणजे ऐकणाऱ्याच्या वाट्याचा न्याय परस्पर उरकून टाकणे होय. गोष्ट संपल्यावर वर्गात क्षणभर शांतता राहू द्यावी. दमनक मंत्री कसा राहिला, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर त्याला गप्प बसवू नये. तो प्रश्न विचारला जावा म्हणूनच ती कथा इतकी शतके सांगितली गेली आहे.