उडत्या पक्ष्यावर कॅमेऱ्याची पारख

दुकान उघडण्यापूर्वीचे दोन तास पक्षी पाहण्यात घालविणारी तरुण मंडळी आपल्या कुटुंबांतून हल्ली पुष्कळ दिसू लागली आहेत. छंद निर्मळ आहे. खर्च मात्र लहान नाही. चांगली बॉडी आणि पाचशे मिलिमीटरची लेन्स मिळून रक्कम सहज काही लाखांत जाते. माझ्या पुतण्याने असा प्रस्ताव घरात मांडला, तेव्हा त्याच्या वडिलांनी सर्व कागद माझ्याकडे पाठविले. आयुष्यभर कर्जमंजुरीचे काम केलेल्या माणसाकडे ते यायचेच. "काका, हा कॅमेरा उडत्या पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखतो," पुतण्या म्हणाला. "शंभरांपैकी किती वेळा?" या माझ्या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात नव्हते. ते कसे काढावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

स्वयंचलित फोकस, म्हणजेच ऑटोफोकस, ही काही कालपरवाची गोष्ट नव्हे. १९७७ साली कोनिका कंपनीचा सी-३५ एएफ हा साधा कॅमेरा ही सोय घेऊन बाजारात आला आणि १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने ती लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत रुजविली. २०२०-२१ च्या सुमारास कॅनन, सोनी, निकॉन यांच्या कॅमेऱ्यांत पक्षी ओळखून त्यावर फोकस धरून ठेवण्याची सोय आली. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची तुलना करून वस्तू पुढे सरकली की मागे, आणि किती, हे कॅमेरा ठरवितो. स्थिर पक्ष्यासाठी एवढे पुरेसे असते. उडणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत तो पुढच्या क्षणी कोठे असेल याचा अंदाजही बांधावा लागतो आणि खरी परीक्षा तेथेच होते.

हा अंदाज किती कठीण आहे, ते आकड्यांतच पाहू. पाचशे मिलिमीटरची लेन्स एफ ५.६ वर ठेवून वीस मीटरवरील पक्षी टिपला, तर चित्रात स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम अर्धा मीटर खोलीचा असतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने आपल्याकडे झेपावणारा पक्षी सेकंदाला दहा मीटर कापतो, म्हणजे तो पट्टा सेकंदाच्या विसाव्या भागात ओलांडतो. घारीच्या पंखांचा विस्तार सुमारे दीड मीटर. तेव्हा पंखाचे टोक रेखीव आणि डोळा धूसर असे छायाचित्र निघाले, तर त्यात नवल काही नाही.

या परीक्षेसाठी भरतपूरला जाण्याची आवश्यकता नाही. आमच्या शीवची टेकडी पुरेशी आहे. शीव म्हणजे सीमा. इंग्रजांची मुंबई आणि पोर्तुगिजांची साष्टी यांच्या सीमेवर, गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरच्या कारकिर्दीत, १६६९ ते १६७७ या काळात येथे किल्ला बांधला गेला. आज त्याची पडझड झाली आहे, पण वर आकाश मोकळे मिळते आणि घारींची वाण नाही. मात्र पहाटे घाई करून उपयोग नाही. जमीन तापून हवा वर चढू लागल्याखेरीज घार घिरट्या घालीत नाही. नऊच्या पुढे जावे.

प्रथम निरभ्र आकाशासमोरून आडवी जाणारी घार घ्यावी. येथे अंतर फारसे बदलत नाही आणि पार्श्वभूमीही मोकळी असते, त्यामुळे बहुतेक कॅमेरे उत्तीर्ण होतात. दुकानदार दाखवितो ती छायाचित्रे बहुधा याच जातीची. नंतर समोरून येणारी घार घ्यावी. शेवटी, झाडांच्या किंवा इमारतींच्या पुढून जाणारा पक्षी. फांद्या नि खिडक्यांच्या रेघा कॅमेऱ्याला पक्ष्याहून अधिक आकर्षक वाटतात. फोकस एकदा मागे घसरला की परत येईपर्यंत पक्षी निघून गेलेला असतो. संध्याकाळच्या मंद प्रकाशात मुक्कामाला परतणारे बगळे घेऊन हीच परीक्षा पुन्हा करावी. शटर सर्वत्र सेकंदाच्या दोनहजाराव्या भागावर ठेवावे. नाहीतर हात हलल्याचा दोष फोकसच्या नावे पडेल.

आता खतावणी. मोजणी पूर्ण होईपर्यंत एकही छायाचित्र पुसू नये, हा माझा आग्रह. तरुण मंडळी वाईट चित्रे जागीच पुसतात आणि उरलेल्या दहांवरून कॅमेऱ्याची स्तुती करतात. बुडीत खाती वगळून काढलेल्या ताळेबंदासारखाच हा प्रकार. चित्रे संगणकावर पूर्ण आकारात उघडावीत आणि तीन रकाने करावेत: डोळा रेखीव, केवळ अंग किंवा पंख रेखीव, आणि पार्श्वभूमी रेखीव. प्रत्येक परीक्षेची मोजणी वेगळी ठेवावी, सरासरी काढू नये. यासाठी कॅमेरा विकत घेण्याचेही कारण नाही. मुंबईत बॉडी आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. दोन दिवसांचे भाडे किमतीच्या मानाने किरकोळच.

पुतण्याची सूचना निराळी होती: हिवाळ्यात बोटीतून जावे, गाठिया उधळावेत, कुरव पक्षी हाताच्या अंतरावर येतात. ही सूचना मी दोन कारणांनी नामंजूर केली. खाण्यासाठी बोटीबरोबर तरंगत राहणारा कुरव ही सोपी परीक्षा आहे, तिच्यावरून काही कळत नाही. दुसरे कारण अधिक वजनाचे. दूरवरून स्थलांतर करून आलेल्या, मासे आणि किडे खाणाऱ्या पक्ष्याला खारट तळलेले फरसाण घालणे यास आपल्याकडे अनेक जण जीवदया समजतात, पण त्या पक्ष्याच्या पोटाला ते मानवणारे नाही. शिवडीच्या चिखलात चरणाऱ्या फ्लेमिंगोंना टाळ्या वाजवून उडविणे हेही त्याच माळेतले. चरण्याचा वेळ भरती-ओहोटीने आधीच मोजून दिलेला असतो. आपल्या एका फ्रेमसाठी तो खर्ची घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

टेकडीवर दोन रविवार गेले. आकाशासमोर पुतण्याचा जुना कॅमेरा भाड्याच्या नव्या कॅमेऱ्याच्या जवळपास टिकला. झाडांपुढे मात्र तो स्पष्टपणे मागे पडला. पुतण्या बहुतेक वेळ मोकळ्या आकाशातच पक्षी टिपतो. रकाने पाहून त्यानेच जुनी बॉडी ठेवून केवळ लेन्स घेण्याचे ठरविले आणि मूळ प्रस्तावाची निम्म्याहून अधिक रक्कम वाचली. लेन्सचे बिल पेढीच्या नावे घ्यावे की स्वतःच्या, आणि तिचा विमा कसा उतरवावा, हे पुढील अंकात पाहू.